कळसूबाईची रांग : सह्याद्रीला आडवी धार

कातळवाट

मंडळी, कळसूबाईवर इथे धाग्यांचा दुष्काळ नाही. पण बहुतेक सगळे शिड्या, शनिवार-रविवारची गर्दी, पायथ्याच्या बारी गावातलं पिठलं-भाकरी आणि माथ्यावरचा सूर्योदय एवढ्यावर आटोपतात. हा धागा त्या डोंगराच्या भूगोलावर आहे. एकट्या शिखराबद्दल नको, त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या अख्ख्या धारेबद्दल बोलू.

नकाशा उघडून बसा. सह्याद्रीची मुख्य धार उत्तर-दक्षिण जाते हे शाळेपासून पाठ आहे. थळघाटाकडून (म्हणजे कसारा घाट) त्या धारेने दक्षिणेकडे निघालात की कुलंगपाशी डाव्या हाताला एक फाटा फुटतो. कुलंग, मदन, अलंग, मग कळसूबाई, पुढे बितनगड, पट्टा, औंढा. कुलंग ते पट्टा सरळ रेषेत पंचवीस-तीस किलोमीटर भरेल. दिशा साधारण पश्चिम-नैर्ऋत्येकडून पूर्व-ईशान्येकडे. उत्तरेला इगतपुरी तालुका, दक्षिणेला अकोले. नाशिक आणि नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यांची हद्द बराच पल्ला या धारेच्या अंगानेच जाते.

आता गंमत बघा. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच ठिकाण. पण पूर्ववाहिनी आणि पश्चिमवाहिनी नद्यांची फारकत करणारी जी मुख्य धार, तिच्यावर ते नाहीच. देवळाच्या पत्र्यावर पडलेला पाऊस उत्तरेला घरंगळला तर दारणेला मिळतो, दक्षिणेला घरंगळला तर प्रवरेला. दारणा निफाडच्या अलीकडे दारणा सांगवीला गोदावरीत जाते, प्रवरा पार नेवाशाजवळ टोक्याला. म्हणजे दोन्हीकडचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागरातच. अरबी समुद्राला या शिखरावरून थेंब मिळत नाही! आणि घाटघरचा कोकणकडा, जो कळसूबाईच्या पुढे अगदीच बुटका, तो मात्र दोन समुद्रांची वाटणी करतो.

माझं म्हणणं एवढंच की या रांगेचं पाऊसपाणी, पिकं, रस्ते, धरणं, आणि पाण्यावरून होणारी भांडणंसुद्धा, या आडवेपणातून निघतात. पटतंय का? नसेल तर का नाही, तेही लिहा.

घोटीकर

पहिला नंबर माझा. आम्ही रांगेच्या उत्तरेकडचे, त्यामुळे आम्हाला कळसूबाई पाठमोरी दिसते असं नगरवाले चिडवतात. त्यांचं त्यांच्यापाशी.

दारणेचं मूळ कुलंगच्या उत्तर उतारावर, हे लोकांना सांगितलं तरी खरं वाटत नाही. नाशिकला सगळं पाणी त्र्यंबकेश्वरहून येतं अशी समजूत पक्की बसली आहे. दारणा धरण १९१६ चं. ते भरलं की खाली नांदूर मधमेश्वरला पाण्याचा लोंढा येतो तो मुख्यतः या आमच्या बाजूचा.

पावसाबद्दल एक निरीक्षण. घोटीहून भंडारदऱ्याला जाताना बारीच्या खिंडीत रस्ता ही रांग ओलांडतो. घाट चढताना वाटतं पलीकडे ऊन असेल, जसं इतर घाटांत देशावर उतरलं की असतं. इथे तसं काही नाही. अलीकडे जेवढा ओला, तेवढाच पलीकडे. जुलैत एसटीच्या काचेतून दोन्ही बाजूंना सारखाच पांढरा पडदा.

नवखी_भटकी

धागा आवडला. प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. मुख्य धार म्हणजे कणा असेल तर कण्यापेक्षा बरगडी उंच कशी? उंच भाग मुख्य धारेवर नको का?

आणि दुसरं, साल्हेर नेमका कितवा? आमच्या ग्रुपमध्ये यावरून वाद झालाय.

कातळवाट

साल्हेर १५६७ मीटर, शिखरांत दुसरा, किल्ल्यांत पहिला. कळसूबाईवर किल्ला नाही, म्हणून तो मान साल्हेरला. ग्रुपवर हे टाकून मोकळ्या व्हा.

पहिल्या प्रश्नासाठी बेसाल्टबुवांना हाक मारतो. बुवा, या.

बेसाल्टबुवा

आलो. उत्तर जरा लांब होईल, चहा घेऊन बसा.

नवखी, प्रश्न बाळबोध मुळीच नाही. 'डोंगर वर आला' असं चित्र डोक्यात असलं की कोडं पडतं. आपल्याकडचे हे डोंगर हिमालयासारखे घड्या पडून वर आलेले नाहीत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा भेगांमधून बाहेर पडला आणि थरावर थर साचून एक विस्तीर्ण पठार तयार झालं. आज जे शिखर दिसतं ते त्या पठाराचं उरलेलं तुकडं. आजूबाजूचं पाण्याने नेलं, हे राहिलं.

आता या रांगेला ते लावा. उत्तरेकडून दारणा आणि तिचे ओहोळ, दक्षिणेकडून प्रवरा, दोघी पूर्वेकडे वाहत आपापली खोरी खोदत गेल्या. दोन खोऱ्यांच्या मधे जो बांध शिल्लक राहिला तो म्हणजे तुमची ही रांग. मुख्य धारेची गोष्ट निराळी. तिला कोकणच्या बाजूने सतत कुरतडलं जातंय. तिकडचे ओढे तीव्र उताराचे, पाऊस प्रचंड, त्यामुळे कडा ढासळत ढासळत पूर्वेकडे सरकते. कडा म्हणजे पठाराची खाल्ली जाणारी किनार. ती सर्वांत उंच असलीच पाहिजे असा काही नियम नाही. कळसूबाई किनारीपासून थोडी आत, म्हणून टिकली.

आणखी एक मजेदार गोष्ट. पश्चिम घाटातल्या लाव्हांच्या थरांचे भूशास्त्रज्ञांनी तीन उपगट केलेत. सर्वांत खालच्या, म्हणजे सर्वांत जुन्या उपगटाचं नावच 'कळसूबाई'. त्यावर लोणावळा, त्याच्यावर वाई. राज्यातलं सर्वांत उंच शिखर आणि खडक सर्वांत खालच्या गटातले, हे कसं? भाकऱ्यांची चळत एका बाजूला किंचित कलली तर काय होईल तसं. सगळे थर दक्षिणेकडे अगदी हलके कललेत. त्यामुळे इथे जे थर डोक्यावर आहेत ते दक्षिणेकडे जाता जाता जमिनीखाली जातात आणि महाबळेश्वरच्या माथ्यावर तुम्ही उभे राहता ते बऱ्याच वरच्या, नव्या थरांवर. महाबळेश्वर १४३८ मीटर. उंची कमी, खडक तरुण.

डोळ्यांनी बघायचं असेल तर कसारा घाटात रस्त्यासाठी कापलेला कडा नीट बघा. काळ्या दगडात पांढरे लांबट स्फटिक, काही बोटाच्या पेराएवढे, कुणी मूठभर लाह्या उधळाव्यात तसे नाही, तर एका अंगाने रेललेले. प्लॅजिओक्लेज नावाच्या खनिजाचे ते स्फटिक. असे थर या उपगटात ठरावीक पातळ्यांवर येतात आणि एक गट संपून दुसरा सुरू झाल्याची खूण म्हणून वापरतात. गाडी मात्र वळणावर थांबवू नका.

नवखी_भटकी

आता कळलं! म्हणजे रांग हा दोन शेतांमधला बांध. धन्यवाद बुवा.

प्रवराकाठ

आम्ही संगमनेरचे. घोटीकरांनी बारीच्या खिंडीतला पाऊस दोन्हीकडे सारखा म्हटलं ते बरोबर, पण पुढची गोष्ट सांगायची राहिली. इतर ठिकाणी पर्जन्यछाया घाट ओलांडल्यावर लागते. इथे रांग वाऱ्याच्या वाटेत आडवी उभी नाहीच, ती जवळजवळ वाऱ्याबरोबर आत शिरलेली आहे. म्हणून पावसाचा फरक रांग ओलांडताना कळत नाही, रांगेच्या लांबीने चालताना कळतो.

घाटघर-रतनवाडीकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. त्याच प्रवरेच्या काठाने खाली आमच्याकडे या, पाचशेच्या आत-बाहेर. एकाच नदीचं खोरं, एकाच तालुक्या-दीड तालुक्याचं अंतर आणि दहापट फरक. पश्चिमेला भात, नागली, वरई. राजूर सोडलं की भात पातळ व्हायला लागतो. अकोल्याच्या पुढे बाजरी. पट्ट्याच्या पूर्वेला सिन्नरच्या अंगाला उतरलात की कांदा आणि उघडे माळ. कुलंगच्या पायथ्याच्या माणसाला इरलं लागतं, औंढ्याच्या पूर्वेच्या माणसाला पावसाची वाट बघायला लागते. रांग तीच.

शेवटच्या टोकाला पाण्याचं वागणंही बदलतं. पट्ट्याच्या परिसरातून आढळा आणि म्हाळुंगी निघतात. म्हाळुंगी तर सिन्नरच्या हद्दीत फिरून परत संगमनेरला येऊन प्रवरेला मिळते.

कातळवाट

@प्रवराकाठ, क्या बात! वाऱ्याच्या दिशेचा मुद्दा मूळ लेखात हवा होता. रांगेचा पश्चिम टोकाचा भाग आणि पूर्व टोकाचा भाग सप्टेंबरमध्ये एकाच आठवड्यात बघावा. कुलंगला कारवी माणसाच्या डोक्यावर आणि शेवाळलेला कातळ, तर पट्ट्याच्या पठारावर सोनकी, आखूड गवत आणि पवनचक्क्या. पवनचक्क्या तिकडेच का, हाही भूगोलच. मोकळं पठार, झाडोरा कमी, आणि वारा आत शिरायला अडथळा नाही.

वारंघुशीचा_पाहुणा

वाचतोय सगळं. पाच हजार मिलिमीटरचा उल्लेख आला म्हणून लिहितो. माझं आजोळ या रांगेच्या दक्षिण अंगाला. पाऊस इतका की भिंतींना आतून ओल फुटायची, चुलीवर कायम काहीतरी वाळत टाकलेलं असायचं. आणि होळी झाली की आई-मावशी हंडे घेऊन झऱ्यावर रांगेला. एप्रिल-मेमध्ये वरच्या पाड्यांवर टँकर. धरणाचा फुगवटा डोळ्यांसमोर निळा दिसतो, आणि घरात पिण्याला पाणी नाही. बाहेरून येणाऱ्यांना हे सांगितलं तर ते हसतात.

बुवा, खडकाच्या अंगाने याचं कारण सांगा ना. पाणी जातं कुठे?

बेसाल्टबुवा

जात कुठेच नाही, वाहून जातं. घट्ट बेसाल्टमध्ये पाणी साठवायला जागाच नसते. मुरतं ते फक्त भेगांतून, आणि दोन लाव्हांच्या मधे जो सच्छिद्र पट्टा किंवा लाल मातीचा थर असतो तिथपर्यंत. त्या थरावर आडवं सरकत ते कड्याच्या पोटातून झरा होऊन बाहेर येतं. डोंगर अरुंद असला तर वर पाणी धरणारं क्षेत्रच थोडं. ही रांग तर दोन्हीकडून खोदून बारीक झालेली. पावसाळा संपल्यावर काही महिने झरे चालतात, मग संपतात. पाणी पडतं अफाट, पण धरून ठेवायला डोंगराकडे पोट नाही.

डोंगराचा पायऱ्यापायऱ्यांचा आकारही याच थरांमुळे. घट्ट थराचा होतो कडा, भुसभुशीत थराचा होतो उतार किंवा पदर. वाड्या-पाडे, शेतं, वाटा सगळं त्या पदरांवर.

किल्ला_पाहिला_का

बुवांच्या प्रतिसादाला जोडून. किल्ल्यांवरची पाण्याची टाकी कुठे खोदलीत ते बघा. कुलंगवर टाक्यांची रांगच आहे, शिवाय एका घळीवर दगडी बांध घालून गोमुखातून पाणी सोडायची सोय. खोदणाऱ्यांना पाझर कुठल्या पातळीवर येतो ते पक्कं ठाऊक होतं. वर टाक्यात मार्चमध्येही थंडगार पाणी आणि खाली पाड्यावर टँकर, हे चित्र मी पाहिलेलं आहे आणि ते पचत नाही.

किल्ल्यांच्या जागांवर बोलायचं तर पश्चिमेचं त्रिकूट थळघाट आणि चोंढे घाटाच्या डोक्यावर, मधे बितनगड, पूर्वेला पट्टा-औंढा. रांग स्वतः भिंत आणि भिंतीतल्या खिंडींवर पहारे. जालन्याच्या मोहिमेनंतर १६७९ मध्ये शिवाजी महाराज पट्ट्यावर मुक्कामाला होते, म्हणून तो विश्रामगड. घाटमाथ्याच्या कड्यावरचा किल्ला त्यासाठी निवडला नाही, आत सरकलेल्या या धारेचं टोक निवडलं, हे लक्षात घ्या. जालन्याच्या दिशेला पुढे आलेला सह्याद्रीचा हात तो हा.

अलंग-मदनच्या पायऱ्या १८१८ च्या सुमारास इंग्रजांनी उडवल्या. तेव्हापासून तिथे दोराशिवाय काम नाही. व्हिडिओ बघून हौसेने जाणाऱ्यांनी अनुभवी माणूस बरोबर घ्यावा, एवढंच.

मुळाकाठची_मैना

धागा छान आहे, पण कळसूबाईच्या रांगेला फार भाव देताय. आमचा हरिश्चंद्रगड बघा. उत्तर अंगाचं पाणी मुळेला, म्हणजे प्रवरेतून गोदावरीला. खिरेश्वरच्या बाजूचं पिंपळगाव जोगे धरणात, तिथून भीमा आणि कृष्णा. कोकणकड्यावरून जे कोसळतं ते उल्हासच्या खोऱ्यात, अरबी समुद्राला. तीन खोरी एका डोंगरावर! तुमच्या कळसूबाईच्या दोन नद्या तर शेवटी एकाच गोदावरीत जातात. मग फारकत कसली?

कातळवाट

मैनाताई, हरिश्चंद्रगडाचा मान मोठा, वाद नाही. पण "शेवटी एकाच गोदावरीत" म्हणून हात झटकता येत नाहीत. दारणा मिळते सांगवीला, प्रवरा मिळते टोक्याला. प्रवरा दोनशे किलोमीटर वाहून मगच गोदेला भेटते. या मधल्या पट्ट्यात काय काय घडतं? उत्तरेचं पाणी नाशिकच्या धरण-कालव्यांत, दक्षिणेचं नगरच्या. दोन जिल्हे, दोन प्रकल्प, दोन राजकारणं. आणि उरलेलं जायकवाडीत पुन्हा एकत्र. समन्यायी पाणीवाटपाचा वाद निघतो तेव्हा नाशिक आणि नगर एका बाजूला, मराठवाडा दुसऱ्या बाजूला. कळसूबाईच्या माथ्यावर वेगळं झालेलं पाणी तिथे एकाच ताळेबंदात बसतं. माझ्या मते समुद्र वेगळे असण्यापेक्षा हे जास्त गुंतागुंतीचं आहे.

प्रवराकाठ

+१. भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ ला पूर्ण झालं, ८२ मीटर उंच, साठा अकरा टीएमसी (अब्ज घनफूट). एवढ्या जुन्या काळात एवढं उंच धरण इथेच का? रतनगड-घाटघरकडून येणारं पाणी आणि या रांगेच्या दक्षिण उताराचं पाणी, दोन्ही धरणाच्या जागी, शेंडी गावाजवळच्या एकाच अरुंद तोंडातून बाहेर पडतं. अभियंत्याला आणखी काय हवं? त्या कालव्यांवर पुढे श्रीरामपूर, राहाता भागातला ऊस उभा राहिला, प्रवरानगरचा सहकारी कारखाना उभा राहिला. वारंघुशीच्या पाहुण्यांनी जे लिहिलंय ते वाचून आमच्याकडच्या बागायतदारांनी जरा खाली बघावं. मीही त्यांच्यातलाच.

वारंघुशीचा_पाहुणा

तुम्ही लिहिलंत, बरं वाटलं.

कळसूची गोष्ट कुणी सांगितली नाही अजून. कळसू ही मुलगी एका पाटलाकडे कामाला राहिली, अट एकच, भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एकदा तिला ते काम लावलं, ती उठली आणि डोंगरावर निघून गेली. पाटील इंदोऱ्याचा, म्हणजे रांगेच्या उत्तर अंगाचा. आणि आज सगळं जग चढतं बारीतून, दक्षिणेकडून. पण नवरात्रात बघा, दोन्हीकडून बाया चढतात. कोळी, ठाकर, मराठा सगळ्या. कुणाला जिल्ह्याची हद्द आठवत नाही. शिड्यांवर पोरींच्या हातात ओटीचं सामान, पायात साध्या चपला. ट्रेकवाले महागडे बूट घालून बाजूला उभे राहून वाट देतात.

घोटीकर

इंदोऱ्याचं नाव घेतल्याबद्दल आभार. नाहीतर कळसूबाई म्हणजे बारीचीच.

एक भर घालतो. कातळवाट म्हणतात घाटघरचा कडा समुद्रांची वाटणी करतो. माणसाने तिथेही हात घातलाय. घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे. वरचा तलाव घाटमाथ्यावर, खालचा शहापूर तालुक्यात चोंढ्याला, मधे सुमारे चारशे मीटरचा उतार. विजेची मागणी वाढली की पाणी कोकणात सोडून वीज करायची, मागणी कमी झाली की तेच पाणी पंपाने परत वर. म्हणजे प्रवरेचं पाणी रोज कोकणात जाऊन परत देशावर येतं. मैनाताई, हे तुमच्या तीन खोऱ्यांत कसं बसवणार?

मुळाकाठची_मैना

😀 हार मानली नाही, पण हे माहीत नव्हतं.

नवखी_भटकी

शेवटचा प्रश्न. हे सगळं एका फेरीत बघायचं तर कसं? फक्त शिखर नको, रांगेची लांबी कळायला हवी. आम्ही चौघी, स्वतःची गाडी, आणि अलंग-मदन आमच्या आवाक्याबाहेर.

कातळवाट

गाडीने रांगेला वळसा घाला. घोटीहून आधी टाकेदकडे, तिथून उत्तरेची बाजू, औंढा-पट्टा. पट्ट्यावर चढा, सोपा आहे, आणि पठारावरून पश्चिमेकडे बघा. एकामागे एक शिखरं ओळीत दिसतील, तेव्हा रांग म्हणजे काय ते कळेल. मग दक्षिणेने अकोले, राजूर, भंडारदरा असे येत राहा आणि शेतातली पिकं बघत राहा. प्रवराकाठ यांनी लिहिलंय ते उलट्या क्रमाने दिसेल. मुक्काम भंडारदऱ्याच्या बाजूला. दुसऱ्या दिवशी पहाटे बारीतून कळसूबाई. हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला अलंग-मदन-कुलंग, दक्षिणेला रतनगड आणि मागे हरिश्चंद्रगड, उत्तरेला अंजनेरी-त्र्यंबकची रांग. उतरून घाटघरला जा, आणि बारीच्या खिंडीतून परत घोटी.

शनिवार-रविवार टाळा. शिडीवर अडकाल.

वारंघुशीचा_पाहुणा

सप्टेंबरच्या शेवटी या. मे अखेरीस काजवे बघायला लोकांची झुंबड असते, त्या दिवसांत या भागात गाडी आणू नका, हेडलाइटने काजव्यांचं आणि हॉर्नने गावाचं डोकं फिरतं. जेवण आधी सांगितलंत तर पाड्यावर कुणीही करून देईल. वरईचा भात मागा, हॉटेलात मिळत नाही.

घोटीकर

आणि तांदूळ घ्यायचा तर घोटीत थांबा. भाव मी सांगतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.